तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलू का?

"ताई, आठ महिने नोकरी सांभाळून जीआरईचा, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेण्यासाठीच्या परीक्षेचा, अभ्यास करतेय. दोनदा तारीख पुढे ढकलली. आता ४ ऑक्टोबरची आहे आणि पुन्हा वाटतंय, २६ नोव्हेंबरची घ्यावी. मला हव्या त्या विभागात साधारण ३१८ वाल्यांना प्रवेश मिळतो. सरावात ३१७ आले, मग ३१९. तीच पहिली टेस्ट पुन्हा दिली तर ३२४! आणि परवा नव्या टेस्टमध्ये घसरून ३१८. दुसरा सेक्शन तर दर वेळी अंगावर येतो. निबंध मी गाळतेच. अर्जाची शेवटची तारीख १५ डिसेंबर. निकाल आला की मी किती पाण्यात आहे ते उघडं पडेल, याचीच धास्ती वाटते. आपली तयारी झाली हे कळतं कसं?"
– तळ्यात-मळ्यात

प्रिय तळ्यात-मळ्यात,

आधी ते ३२४ पाटीवरून पुसून टाक. अगं, ते प्रश्न तुझ्या ओळखीचे होते. उत्तरं पाठ नसतील, पण मागच्या वेळी कुठे फसलो होतो ते लक्षात राहतंच. ते वगळलं की उरतात ३१७, ३१९ आणि ३१८. तू घसरलेली नाहीस. तीन कोऱ्या टेस्टमध्ये तू एकाच जागी उभी आहेस आणि तुला हवी होती तीच ती जागा आहे. एखाद-दोन गुण इकडेतिकडे तर कुणाचेही होतात.

आता दुसरा सेक्शन. व्हर्बल (भाषा) आणि क्वांट (गणित), दोन्हींचे दोन-दोन सेक्शन असतात आणि पहिला कसा गेला त्यावर दुसरा किती कठीण यायचा ते ठरतं. पहिला चांगला सुटला, तर दुसरा जड येणारच. तू ज्याला स्वतःचा कच्चेपणा समजत आलीस, ते बहुतेक पहिला सेक्शन नीट गेल्याचं लक्षण आहे. इतके महिने हे तुला कुणी सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

कळतं कसं, म्हणतेस. आतून कधीतरी 'झाली तयारी' असं वाटेल, याची तू वाट बघतेयस. मला ते कुठल्याच परीक्षेआधी वाटलं नाही. अभ्यास वाढतो तसं काय-काय येत नाही तेही जास्त दिसायला लागतं, त्यामुळे चांगली तयारी झालेल्या माणसाला अनेकदा जास्तच धाकधूक असते. म्हणून मी मनाला विचारत नाही. शेवटच्या तीन कोऱ्या, घड्याळ लावून दिलेल्या टेस्ट घ्यायच्या आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा बघायचा. तो चालण्यासारखा असेल तर परीक्षेला बसायचं. तुझा ३१७ आहे. तो ३०८ असता, तर मीच म्हणाले असते, ढकल. पण तेव्हाही विचारलं असतं, की वाढलेल्या दिवसांत नेमकं काय शिकणार? भूमिती कच्ची आहे, डेटाच्या प्रश्नांत वेळ जातो, असं काहीतरी बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. नुसती 'अजून एक उजळणी' म्हणजे भीतीला दिलेली मुदतवाढ.

शिवाय कॅलेंडर उघड. एकदा परीक्षा दिली की पुन्हा बसायला २१ दिवस थांबावं लागतं. २६ नोव्हेंबरला बसलीस, तर दुसरी संधी १७ डिसेंबरला, म्हणजे अर्जाची तारीख उलटून गेल्यावर. ४ ऑक्टोबरला बसलीस, तर २५ ऑक्टोबर हाताशी राहतो आणि अधिकृत निकाल साधारण ८ ते १० दिवसांत येतो. उशिरा बसलं की सुरक्षित, असं तुला वाटतंय. मला तर तीच तारीख जास्त धोक्याची दिसते, कारण सगळा भार एकाच सकाळवर येतो.

किती पाण्यात आहे म्हणालीस, त्यावर थोडं थांबते. ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची. वाचलेलं समजतं का, मुद्दा मांडता येतो का, शाळेतलं गणित वेळेत सुटतं का, एवढंच ती बघते. दिवसभर काम करून रात्री पुन्हा पुस्तक उघडणारी तू त्यात कुठे मोजली जातेस? आणि स्कोअर उघडा पडत नाही. कुठल्या वेळचा कुठे पाठवायचा ते आपण निवडतो. ४ तारखेचा मनासारखा नाही आला, तर विद्यापीठाला तो दिसायचं कारण नाही, आणि घरी सांगायचा की नाही हेही तुझ्याच हातात.

एक गोष्ट मात्र खरंच राहिली आहे : निबंध. तो सगळ्यात आधी येतो, ३० मिनिटांचा. तो गाळून दिलेली टेस्ट म्हणजे ताज्या डोक्याने दिलेली टेस्ट, म्हणून तुझे तिन्ही आकडे मी थोडे सढळ धरते. यावर उपाय सोपा आहे. २७ सप्टेंबरला एक कोरी टेस्ट निबंधासकट, मध्ये न उठता दे. तारीख परीक्षेच्या चार दिवस आधीपर्यंत बदलता येते, त्यामुळे तेव्हाही दार बंद झालेलं नसेल. ३१४ किंवा वर आले, तर ४ ऑक्टोबरला जा. खाली गेले, तर निबंधासकट बसायची सवय करायला तीन आठवडे पुढे जा, पण नोव्हेंबरात नको. आणि २७ पर्यंत ते तारीख बदलायचं पान उघडू नकोस.

– तुझी ताई