अठरा हजारांच्या गाडीत साडेपाच हजार घालावेत का?

नागपूरच्या वर्धमाननगरातल्या एका वाचकांनी विचारलं आहे: "माझी 2012 ची 150 सीसी मोटरसायकल आहे. हिंगणा एमआयडीसीत जाऊन-येऊन रोज 30 किलोमीटर होतात. सकाळी चालू केली की इंजिनातून खडखड येते. मिस्त्री म्हणतो, टायमिंग चेन ढिली झाली, तिला ताणून आणि जागेवर धरणाऱ्या टेन्शनर-गाइडसकट बदला, 5,500 लागतील. विकली तर गाडीचे 18,000 येतील. मेव्हणे म्हणतात, जुन्या गाडीत पैसे ओतू नका, हप्त्यावर नवी घ्या. बँकेत 40,000 आहेत, जूनमध्ये मुलीची अकरावीची फी भरायची आहे."

भाऊ, काम करून घ्या, आणि याच आठवड्यात घ्या.

तुम्ही 5,500 ला 18,000 शेजारी ठेवून पाहताय, तिथेच हिशेब चुकतो. गाडी विकायची असती तर ते ठीक होतं. तुम्हाला ती चालवायची आहे, म्हणून हा खर्च नव्या गाडीच्या खर्चाशेजारी ठेवा. 1,10,000 ची गाडी धरू. 20,000 रोख भरले आणि 90,000 चं कर्ज 11 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता 2,950 च्या आसपास बसतो. नुसतं व्याजच 16,000 च्या वर जातं. तुमची दुरुस्ती दोन हप्त्यांतही बसते! सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून मेव्हण्यांना ही संधी वाटत असेल. किंमत उतरली हे खरंच, पण हप्ता तर भरावाच लागेल. नव्या गाडीचं ॲव्हरेज 45 ऐवजी 55 मिळालं, तरी महिन्याच्या 750 किलोमीटरला जेमतेम 3 लिटर पेट्रोल वाचतं. आणि आत्ता 20,000 काढून दिले, तर फी भरल्यावर घरात काय उरेल, ते आधी मोजा.

पुढच्या महिन्यावर मात्र ढकलू नका. ही चेन पिस्टनने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना एका तालात ठेवते. ढिली चेन एखाद-दोन दात सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. मग व्हॉल्व्ह वाकतात, हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम निघतं आणि बिल कितीतरी पटींनी वाढतं. दुसऱ्या पाळीहून रात्री परतताना हिंगणा रोडवर गाडी बंद पडली तर काय, याचीही मला काळजी वाटते.

इंजिन खोलण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का? ऑइल वारंवार कमी होतं का? तसं असेल तर पिस्टन, रिंग, बोअरचंही काम निघू शकतं. एकूण आकडा 12,000 च्या वर गेला तर थांबा, तेव्हा मीही दुसरा विचार करायला सांगेन. कारण 2027 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील. नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 2022 पासून 300 वरून 1,000 झालं आहे, वर पर्यावरण कर आहेच.

काम करतानाच स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चाकाचे दात पाहायला सांगा. घासलेल्या दातांवर नवी चेन फार टिकत नाही. मजुरी खोलण्या-बसवण्याचीच जास्त असते, म्हणून गॅस्केट आणि व्हॉल्व्ह सेटिंगही त्याच खेपेला उरकून घ्या. बिल घ्या, जुने भाग मागून घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहत जा, कमी ऑइलवर चेन लवकर झिजते.

गाडी गॅरेजमध्ये असेल ते दोन दिवस कामावर जायला प्रजापती नगर ते लोकमान्य नगर मेट्रो आहे. पुढच्या महिन्यापासून 2,000 ची आवर्ती ठेव सुरू करा. दोन वर्षांत 48,000 आणि वर व्याज जमेल, तेव्हा नव्या गाडीचं कर्ज निम्म्यावर येईल. मुलीच्या फीचे पैसे मात्र आजच वेगळ्या खात्यात टाका.