उत्तर: ॲट्रियमच्या छताखाली रेल आहे, पण एजन्सी तिच्यावर दोर टाकायला तयार नाही

तुमची पोस्ट वाचली आणि आमचं जुनं सगळं डोळ्यासमोर आलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात: इमारत नुकतीच ताब्यात आलीय, मधे भलामोठा ॲट्रियम (छतापर्यंत मोकळा उंच चौक), वर तिरकं काचेचं छत, त्या काचा पुसायला नि दुरुस्त करायला छताच्या आतून कायमची रेल बसवलीय, दोर अडकवायच्या सरकत्या ट्रॉल्या लटकतायत, बिल्डर म्हणतो सिस्टीम रेडी आहे वापरा, आणि रोप ॲक्सेसची (दोराला लटकून काम करणारी) टीम येऊन बघून गेली नि म्हणाली आधी कागद दाखवा, नाहीतर आम्ही दोर टाकणार नाही. तुमचा प्रश्न असा की दुसरी एजन्सी शोधू, की एकदाची सगळ्या अँकरची (दोर ज्याला बांधतात त्या पॉइंटची) पुल टेस्ट, म्हणजे ओढून चाचणी, करून टाकू.

एजन्सी अजिबात बदलू नका. जी टीम कागद मागते तीच टीम तुमच्या कामाची. जी टीम वर नजर टाकून 'हो जाईल साहेब' म्हणते तिला दारातूनच परत पाठवा, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

दोन दोर, दोन स्वतंत्र अँकर, इराटाच्या (रोप ॲक्सेसवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) लेव्हल, हार्नेस वगैरेत मी शिरत नाही, ते तुमच्या टीमला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. आणि आधीच सांगून ठेवतो, मी स्ट्रक्चरल इंजिनीअर नाही, देखभालीच्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे खालचं वाचून कुणी परस्पर नट-बोल्टला हात लावू नका.

आमच्याकडे परिस्थिती जवळजवळ तुमच्यासारखीच होती. रेल दिसायला सुंदर, तिला धरणारे ब्रॅकेट छताच्या पांढऱ्या क्लॅडिंगमधून (पोलाद झाकणाऱ्या पॅनलमधून) बाहेर आलेले, आत ते कशाला धरलेत ते खालून कळायची सोयच नाही. आमच्या टीमने मागितलं काय, तर ब्रॅकेट कुठल्या पोलादाला बसवलाय त्याचं ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष बांधलं तसं) ड्रॉइंग, त्या पोलादावर किती माणसांचा भार धरला होता त्याचं कॅल्क्युलेशन, आणि बसवणाऱ्याने सही केलेला रेकॉर्ड. इतकंच. हे सगळं प्रोजेक्टच्या डिझाइन ऑफिसकडे असायला हवं होतं. मी नाव घेत नाही, पण त्या ऑफिसने आम्हाला जितकं छळलं तितकं कुठल्याही गळक्या काचेने छळलं नसेल. पहिलं उत्तर आलं, 'ओ अँड एम मॅन्युअल पाहा', म्हणजे वापर-देखभालीचं पुस्तक. मॅन्युअल उघडलं तर कंपनीचं रंगीत माहितीपत्रक आणि लॅबमधल्या नमुन्याचं सर्टिफिकेट. मग म्हणाले ड्रॉइंग फसाडच्या (बाहेरच्या आवरणाच्या) सब-काँट्रॅक्टरकडे असेल, सब-काँट्रॅक्टर म्हणाला आम्ही सगळं ऑफिसला जमा केलंय, परत ऑफिसला लिहिलं तर ज्याने काम बघितलं तो माणूस सोडून गेलेला. ही टोलवाटोलवी चालू असतानाच डिफेक्ट लायबिलिटीचा (बांधणाऱ्याने दोष स्वतः दुरुस्त करून द्यायचा) काळ संपला, आणि मग त्याच ऑफिसचं मेल आलं की आता हे काम नव्या फीमध्ये करावं लागेल. आमच्याच इमारतीचा कागद आम्हालाच विकत! तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी आम्ही बाहेरचा स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलावला, परांची उभी केली आणि काही ब्रॅकेटपाशी क्लॅडिंग उघडलं. बहुतेक ठिकाणी ठीक होतं, ब्रॅकेटची प्लेट थेट मुख्य ट्रसच्या (छताचा भार घेणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या) खालच्या मेंबरला, चार बोल्ट, नटावरून बोल्टवर ओढलेली रंगाची रेघ, म्हणजे टॉर्क देऊन (ठरलेल्या जोराने आवळून) खूण केलेली, आणि रेघ जागेवरून हललेली नाही. पण जिथे रेल वळते त्या भागात प्लेट एका पातळ बॉक्स सेक्शनला (पोकळ चौकोनी नळीला) बसवलेली, आणि तो बॉक्स सेक्शन होता फक्त क्लॅडिंगचे पॅनल धरायला. लांबट भोकं, त्यातल्या दोन बोल्टना मोठे वॉशर नाहीत, रंगाची रेघ तर नाहीच. वळणावर ट्रस जरा लांब पडत होता आणि बसवणाऱ्याने जे हाताला लागलं त्याला बोल्ट मारून टाकले. खालून बघाल तर सगळे ब्रॅकेट हुबेहूब सारखे. त्या जागेखाली माणूस लटकला असता हा विचार आजही नको वाटतो. टीमने नकार दिला म्हणून ते सापडलं.

आता तुमचा पुल टेस्टचा प्रश्न. लोकांना वाटतं पुल टेस्ट म्हणजे सगळ्यावर रामबाण. तसं नाहीये. बोल्ट काँक्रीटमध्ये केमिकलने बसवला असेल तर ओढून बघण्यात अर्थ आहे, कारण भोक नीट साफ केलं नव्हतं का, केमिकल नीट भरलं का, हे बाहेरून दिसत नाही. तिथे जागेवरची टेस्ट सहसा ६ किलोन्यूटनच्या आसपास करतात (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचं वजन). पण पोलादाला आरपार बोल्ट असेल तर ओढून फारसं काही कळत नाही, तिथे कॅल्क्युलेशन आणि डोळ्याने तपासणी हेच खरं. आणि ज्या सिस्टीममध्ये एनर्जी ॲब्सॉर्बर (झटका शोषणारा भाग) किंवा झटका बसल्यावर वाकणारे पोस्ट असतात, त्या जोरात ओढल्या तर टेस्टमध्येच खर्ची पडतात, मग नवीन बसवा. त्यामुळे 'सगळे ओढून बघा' अशी ऑर्डर कुणालाही देऊ नका, आधी उत्पादकाचं म्हणणं वाचा.

लॅबच्या सर्टिफिकेटचंही तेच. ईएन ७९५ (अँकरसाठीचं युरोपीय मानक) प्रमाणे एका माणसासाठीच्या धातूच्या अँकरला स्टॅटिक टेस्टमध्ये १२ किलोन्यूटन घ्यावं लागतं, एकापेक्षा जास्त माणसं असतील तर त्यासाठी सीईएन टीएस १६४१५ हा वेगळा कागद आहे, आणि इराटा रोप ॲक्सेसच्या अँकरसाठी १५ किलोन्यूटन धरायला सांगते. हे सगळं लॅबमध्ये तपासलेल्या अँकरच्या तुकड्याबद्दल झालं, तो तुकडा तुमच्या छताला कसा बसवलाय त्याबद्दल त्यात अक्षर नसतं. अमेरिकेत ओशाने (कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेने) २०१६ च्या नियमात हे थेट इमारतीच्या मालकावरच टाकलंय: दर माणसामागे अँकरची ताकद किमान ५,००० पौंड, दरवर्षी तपासणी, गरजेप्रमाणे आणि जास्तीत जास्त १० वर्षांत पुन्हा सर्टिफिकेशन, आणि हे सगळं मालकाने काम करणाऱ्या कंपनीला काम सुरू होण्याआधी लेखी द्यायचं. तुम्ही कुठेही असा, माझ्या मते मालकाने हाच क्रम धरावा.

आणखी एक गोष्ट तपासा, ही फार ठिकाणी चुकलेली बघितलीय. तुमच्या वर जे आहे ते खरंच लटकून काम करायचं आहे का, की नुसतं पडताना अडवणारं? वायर रोपची आडवी लाइफलाइन बऱ्याचदा 'रोप ॲक्सेस सिस्टीम' म्हणून गळ्यात मारतात. ती चालत काम करणाऱ्याने क्लिप लावून जायची, माणूस घसरला तर थांबवायची. तिच्यावर तासन्तास वजन टाकून काच पुसायची नसते. आडव्या ताणलेल्या वायरचं गणितही वाईट असतं. मधोमध वजन टाकल्यावर झोळ लांबीच्या ५ टक्के असेल तर टोकाच्या अँकरवर वजनाच्या साधारण पाचपट ओढ येते, म्हणजे १०० किलोच्या माणसामागे जवळपास ५०० किलो, तेही काही झटका न बसता. म्हणून सिस्टीमवर लावलेली माहितीची प्लेट वाचा: किती माणसं, कुठल्या वापरासाठी, आणि रेस्क्यूच्या वेळी एका जागी दोन माणसांचा भार धरलाय का. तो धरलेला नसेल तर अडकलेल्या माणसाला उतरवायला दुसऱ्याने जायचं कसं?

काच कुठवर हाताला येते हे तर डिझाइन करणारे ड्रॉइंगवर बघतच नाहीत असं माझं ठाम मत आहे. बाहेरून तिरकी काच पुसताना माणूस काचेवर टेकतो. आतून उलटं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचा काचेचा पिरॅमिड घ्या, आत उभं राहिलं की प्रत्येक काच आपल्यावर झुकलेली. दोर सरळ खाली लोंबतो आणि जसजसं खाली उतरावं तशी काच लांब जाते. वरच्या भागात वेगळीच अडचण. रेलपासून १५ मीटर खाली लटकलेला माणूस दीड मीटर बाजूला जायला स्वतःच्या वजनाच्या फक्त एक दशांश जोर लावतो, पण रेलच्या ३ मीटरच खाली असेल तर तेवढ्याच दीड मीटरला निम्म्याहून जास्त वजनाइतका जोर लागतो. एका हाताने धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने सिलिकॉन खरवडायचं, कोण किती वेळ करणार? म्हणून वरच्या काचांसाठी रेल जवळजवळ हवी, नाहीतर मधे छोटे अँकर पॉइंट हवेत जिथे माणूस स्वतःला ओढून धरू शकेल. तुमच्याकडे बिल्डरचे पैसे अजून अडकलेले असतील तर ते सोडायच्या आधी टीमला सगळ्यात अवघड कोपऱ्यातल्या काचेपर्यंत प्रत्यक्ष जायला सांगा (अर्थात कागद मिळाल्यावरच) आणि ज्या काचा हाताला आल्या नाहीत त्यांची यादी लेखी द्या.

रेल जिथे जोडलीय तेही बघा. काचेच्या छताखाली गरम हवा साठते, ॲल्युमिनियम फुगतं, ५० मीटरची रेल ४० अंशांच्या फरकाने साडेचार सेंटिमीटरच्या वर लांबते. जोडावर सरकायला जागा ठेवली नसेल तर ट्रॉली तिथे अडकते किंवा ब्रॅकेट तिरके होतात.

किरकोळ पण कामाच्या गोष्टी. ॲट्रियममध्ये बीम स्मोक डिटेक्टर (आरपार किरण सोडून धूर ओळखणारे) असतील तर दोरावरचा माणूस बरोबर त्या किरणाच्या आड येतो आणि फायर अलार्म वाजू शकतो, त्याबरोबर धूर सोडायच्या वरच्या खिडक्या आपोआप उघडतात, आणि दोर नेमका तिथूनच गेलेला असू शकतो. काम चालू असेपर्यंत तेवढा झोन आयसोलेट करा (अलार्ममधून तात्पुरता तोडा), खिडक्यांच्या मोटरी लॉक करा, डिटेक्टरच्या बदली माणूस नजर ठेवायला बसवा, आणि संध्याकाळी परत चालू केल्याची सही घ्या, ही सही लोक विसरतात. दोर आणि हार्नेस वर रेलपाशी ठेवू नका, ऊन आणि उष्णता नायलॉनला मारते. रेल कायमची असते, दोर नाही. काम भल्या सकाळी लावा, दुपारी वर माणूस भाजून निघतो. आणि कुणी स्पायडर लिफ्टने (पाय पसरून उभ्या राहणाऱ्या उचलत्या मशीनने) काम भागेल म्हणालं तर तिच्या पायांखाली येणारा भार तुमच्या लॉबीची स्लॅब घेते का हे आधी विचारा, खाली बेसमेंट असेल तर हा प्रश्न फार गंभीर आहे.

आता तुम्ही काय करावं. उद्याच बिल्डर आणि डिझाइन ऑफिस दोघांना एकत्र पत्र टाका, नुसतं 'कागदपत्रं द्या' असं मोघम नको, प्रत्येक ब्रॅकेटचा नंबर टाकून त्याच्यापुढे ॲज-बिल्ट ड्रॉइंग, भाराचं कॅल्क्युलेशन, बसवल्याचा रेकॉर्ड असे रकाने करा आणि रिकामे रकाने भरून मागा. डिफेक्ट लायबिलिटीची तारीख पत्रात ठळक लिहा. उत्तर उडवाउडवीचं आलं तर वाट बघत बसू नका, तो काळ संपायच्या आत स्वतःचा इंजिनीअर आणून क्लॅडिंग उघडा, सुरुवात वळणांपासून आणि रेलच्या टोकांपासून करा, गडबड असेल तर तिथेच निघेल. यात त्या त्या ठिकाणचे कायदे वेगळे असतात, ते तुमच्या इंजिनीअरला विचारून घ्या.

आणि जमलं तर रेलवरच्या प्लेटचा जवळून फोटो आणि वळणावरच्या एखाद्या ब्रॅकेटचा फोटो इथे टाका. ट्रॉली कुठल्या प्रकारची आहे आणि लटकून वापरायची आहे की नाही एवढं तरी त्यावरून मी आणि इथले बाकीचे सांगू शकू.