सूर्यफूल फिरायचं का थांबलं?

प्रश्न : गच्चीवर कुंडीत सूर्यफुलं लावलीत. कळ्या होत्या तोवर रोज उन्हामागे मान वळवायच्या, आता फुलं पूर्ण उमललीत तर नुसती पूर्वेकडे तोंड करून उभी, हलतच नाहीत. कीड-बिड लागली का? कुंड्या फिरवून ठेवू का?
– एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ताई, कीड वगैरे काही नाही आणि कुंड्या अजिबात फिरवू नका.

सूर्यफुलाची मान वळते ती वाढीमुळे. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते म्हणून शेंडा पश्चिमेला झुकतो, रात्री पश्चिमेकडची बाजू वाढते आणि पहाटेपर्यंत स्वारी परत पूर्वेला, म्हणजे बघा, अंधारात सूर्य नसताना सुद्धा ते वळतं, कारण त्याच्या आत स्वतःचं २४ तासांचं घड्याळ चालू असतं. फूल उमललं की खोडाची वाढ थांबते, मग वळणार कशाने?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये स्टेसी हार्मर यांच्या टीमने हे सगळं तपासून २०१६ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापलं. त्यांनी कोवळ्या रोपांच्या कुंड्या रोज संध्याकाळी फिरवून ठेवल्या, म्हणजे सकाळी तोंड उलट्या दिशेला, तर त्या रोपांची वाढ साधारण १० टक्के कमी भरली! उमललेल्या फुलांच्या कुंड्या पश्चिमेकडे वळवल्या तर पूर्वेकडच्या फुलांवर पाचपट जास्त मधमाश्या. पूर्वेकडचं फूल सकाळी लवकर तापतं आणि माश्यांना ती ऊब आवडते. तुमची फुलं योग्य दिशेलाच थांबलीत.

मला सगळ्यात भारी वाटलं ते याच टीमचं २०२३ चं काम. आपण शाळेत शिकलो की झाड उजेडाकडे झुकतं, त्यात निळा प्रकाश ओळखणारं फोटोट्रोपिन नावाचं प्रथिन कामाला येतं. लॅबमधल्या दिव्याखाली सूर्यफूल तसंच वागलं, पण बाहेर उन्हात कोणती जनुकं कामाला लागतात त्याचा नमुना वेगळाच निघाला, निळा प्रकाश अडवला तरी रोपं सूर्यामागे फिरतच राहिली. म्हणजे उन्हात एकापेक्षा जास्त वाटा आहेत.

पुढच्या वेळी रोप कोवळं असताना खोडाच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंना शेंड्याजवळ मार्करने सारख्या अंतरावर ठिपके द्या. सकाळ-संध्याकाळ पट्टीने मोजा, दिवसभरात पूर्वेकडचे ठिपके जास्त लांब गेलेले दिसतील. कुंडी मात्र जागची हलवू नका.