परत आलेलं शहाळं

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. ती २२ वर्षांची, डी. फार्म. झालेली. तीन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या यात्रेत ओळख झाली, आता दोन्ही घरी माहीत आहे. दिवाळीनंतर तिच्या तोंडावर, पायांवर सूज यायला लागली. तपासलं तर दोन्ही किडन्या निकामी. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस असतं. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. मागच्या आठवड्यात शहाळं घेऊन दवाखान्यात गेलो, तर तिच्या मोठ्या बहिणीनं ते दारातूनच परत दिलं. आई म्हणते, ‘बाळा, हिला लेकरू होणार नाही, तू तुझं बघ.’ मला दुसरी कोणी नको. कोर्टात लग्न केलं तर तिला किडनी देता येईल का? माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बाळा, आधी शहाळ्याचं सांगते, कारण ते तुझ्या मनाला फार लागलेलं दिसतंय. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. चांगली किडनी ते बाहेर टाकते. तिच्या रक्तात ते साठून राहतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जिवावर बेतू शकतं. बहिणीनं ते परत दिलं, फार बरं केलं. मी सोळा वर्षं डायलिसिस वॉर्डात सिस्टर होते. भेटायला येणाऱ्या मायेच्या माणसांच्या पिशव्यांतून शहाळी, केळी, मोसंबी मीच काढून ठेवायचे. आपली शेंगाचटणीसुद्धा तिला विचारल्याशिवाय नेऊ नकोस. पाणीही तिला मोजून प्यावं लागत असेल, म्हणून तिच्यासमोर बाटली तोंडाला लावू नकोस.

आता किडनीचं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरले आहेत, त्यामुळे नवऱ्याला देता येते. पण लग्न खरं आहे का, होऊन किती दिवस झाले, हेही तपासतात. लग्न न करता केवळ जिव्हाळ्यापोटी द्यायची असेल, तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. ओ गट सगळ्यांना चालतो हे खरं, तरी क्रॉसमॅच, म्हणजे तिचं रक्त तुझ्या पेशींना विरोध करतं का ते बघायची चाचणी, जुळावं लागतं, तुझी शुगर, बीपी, दोन्ही किडन्या तपासाव्या लागतात. समजा लग्न केलंस आणि तपासणीत तुझी किडनी चालत नाही असं निघालं, मग? त्या लग्नाकडे ती कोणत्या नजरेनं बघेल? म्हणून लग्न आणि किडनी यांची गाठ मारू नकोस. शिवाय तिचे आईवडील आहेत, बहीण आहे. त्यांच्या तपासण्या झाल्यात का, हे तुला माहीत आहे?

एक गोष्ट मला सारखी खटकतेय. तुझ्या पत्रात बहीण आहे, आई बोलते, तू बोलतोस. तिचं एकही वाक्य नाही. तिला तुझी किडनी हवी आहे का? एखाद्याचा अवयव अंगात घेऊन जगणं सोपं नसतं रे. मी आईची किडनी नको म्हणून रडणाऱ्या मुली पाहिल्यात. ती नाही म्हणाली, तर ते तुझ्यावर प्रेम नाही म्हणून, असं समजू नकोस.

लेकराचं तुझ्या आईनं काळजीपोटी म्हटलंय, पण ते तसं ठरलेलं नाही. डायलिसिसवर असताना गरोदरपण फार अवघड, हे खरं. प्रत्यारोपण नीट झालं, वर्षभर तब्येत स्थिर राहिली, डॉक्टरांनी काही गोळ्या बदलून दिल्या, की बाळंतपण झालेल्या बायका आहेत. मात्र गोळ्या जन्मभर, हे तुझ्याही घरी आत्ताच सांग. नंतर कळायला नको.

फोन मंगळवारी, शुक्रवारी करू नकोस. चार तास मशीनवर काढून आलेल्या माणसाच्या पायात गोळे येतात, डोकं जड होतं, बोलावंसं वाटत नाही. बुधवारी सकाळी ‘कशी आहेस’ एवढाच मेसेज टाक, उत्तराची घाई करू नकोस. तिनं बोलावलं तर जा. तिच्या एका हाताला डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला असेल, सुया तिथं टोचतात. मुली तो हात ओढणीखाली लपवतात. तो धरू नकोस, दाबू नकोस. दुसऱ्या बाजूला बस, आणि किडनीचं तिनं काढल्याशिवाय काढू नकोस.