रिकॉलचे पत्र आले, सुटा भाग मात्र येईना

‘वाचक विचारतात’ या सदराकडे गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत. गाडीत सुरक्षेला धोका असणारा दोष आहे असे कंपनीने स्वतः कळवले आहे, दुरुस्ती विनामूल्य होईल असेही कळवले आहे (यालाच ‘रिकॉल’ म्हणतात), आणि प्रत्यक्षात दुरुस्तीची तारीख मात्र कोणी देत नाही. म्हणून या वेळचे सदर याच प्रश्नाला दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या गाडीच्या चालकाच्या बाजूच्या एअरबॅगमधील इन्फ्लेटर (ती फुगवणारा भाग) सदोष असल्याचे कंपनीचे पत्र येऊन बराच काळ लोटला. सर्व्हिस सेंटरला फोन केला की ‘पार्ट आला की कळवतो’ एवढेच उत्तर मिळते. मुलांची ने-आण याच गाडीने होते. गाडी चालवावी की उभी करून ठेवावी?

उत्तर : याचे उत्तर सर्वप्रथम आपल्याला आलेल्या पत्राच्या शब्दांत शोधावे लागेल. रिकॉलची सगळी पत्रे सारख्या तातडीची नसतात. काहींत ‘शक्य तितक्या लवकर दुरुस्ती करून घ्या’ असे म्हटलेले असते, काहींत ‘गाडी इमारतीपासून दूर, उघड्यावर उभी करा’ असे असते आणि काहींत ‘दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका’ असे स्पष्ट बजावलेले असते. आपल्या पत्रात हे शेवटचे वाक्य असेल, तर गाडी सर्व्हिस सेंटरपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये. ती उचलून नेण्याची व्यवस्था कंपनीने करावी, अशी लेखी मागणी करावी. ही अतिसावधगिरी नव्हे. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरबाबत अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये जाहीर केले होते, की २००१ ते २००३ या काळातील होंडाच्या काही गाड्यांमध्ये एअरबॅग उघडताना इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता चाचण्यांत ५० टक्क्यांपर्यंत आढळली.

त्या इन्फ्लेटरमध्ये दोष कसा निर्माण होत होता, हे समजून घेतले तर आपल्या प्रश्नाचा दुसरा भागही सुटेल. एअरबॅग क्षणार्धात फुगावी म्हणून धातूच्या डबीत वायू निर्माण करणारी रासायनिक वडी ठेवलेली असते. ताकाताने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले होते आणि अनेक इन्फ्लेटरमध्ये ओल शोषणारा पदार्थ ठेवलेला नव्हता. वर्षानुवर्षे दमट हवा आणि तापमानाचे चढउतार सोसल्यामुळे ती वडी खराब होई, अपघाताच्या वेळी ती ठरल्यापेक्षा फार वेगाने जळे, आणि डबी फुटून धातूचे तुकडे माणसाच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे उडत. म्हणजे गाडी जितकी जुनी आणि हवा जितकी उष्ण व दमट, तितका धोका अधिक. आपल्या गाडीतील दोष याच जातीचा आहे का, हे सर्व्हिस सेंटरला स्पष्ट विचारा. असल्यास आणि गाडी जुनी असल्यास माझा सल्ला ती उभी करून ठेवण्याचाच राहील.

दोष चालकाच्या बाजूला आहे की शेजारच्या, यानेही फरक पडतो. शेजारची जागा रिकामी ठेवता येते. टोयोटाने २०१४ मध्ये अमेरिकेत नेमके तसेच केले होते : बदली भाग नसेल तेथे शेजारच्या आसनापुढील एअरबॅग डीलरने बंद करायची आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या आसनावर कोणी बसू नये, अशी सूचना समोर चिकटवायची. चालकाची जागा मात्र रिकामी ठेवता येत नाही. म्हणूनच दुरुस्ती होईपर्यंत पर्यायी गाडी मिळावी, ही आपली मागणी पूर्णपणे रास्त आहे. एक कळकळीची विनंती : बाहेरच्या मेकॅनिककडून एअरबॅगची वायर काढून घेण्याचा मार्ग पत्करू नका. हाताळताना ती उघडू शकते, आणि सीटबेल्ट ताणून धरणारी यंत्रणाही त्याच प्रणालीशी जोडलेली असल्यामुळे एक दोष टाळताना दुसरे संरक्षण गमावण्याची वेळ येते.

प्रश्न : त्याच कंपनीच्या नव्या गाड्या शोरूममध्ये रोज विकल्या जात आहेत. नव्या गाडीला भाग मिळतो आणि आम्हाला मिळत नाही, हे कसे? ही टाळाटाळ नव्हे काय?

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, पण विलंबाची सगळी कारणे टाळाटाळीची नसतात आणि त्यांतला भेद कळला तर कंपनीकडे नेमके काय मागायचे तेही कळते.

पत्र आधी आणि भाग नंतर, हा क्रम कायद्यामुळेही येतो. अमेरिकेत दोषाची माहिती सरकारी यंत्रणेला दिल्यापासून ६० दिवसांच्या आत कंपनीने मालकांना कळवावे लागते. दुरुस्तीची तयारी झालेली नसेल तर पहिले पत्र केवळ इशाऱ्याचे असते आणि तयारी झाल्यावर दुसरे पत्र येते. ही पद्धत मला योग्य वाटते. उपाय सापडेपर्यंत धोका लपवून ठेवण्यापेक्षा मालकाला आज माहिती असणे केव्हाही बरे. अडचण पुढे सुरू होते. सदोष भागाचा नुसता नवा नग बसवून चालत नाही, त्याचा आराखडा बदलावा लागतो, त्याच्या चाचण्या घ्याव्या लागतात, कारखान्यात त्यासाठी साचे व यंत्रे उभारावी लागतात. आणि पुरवठादाराची क्षमता वर्षाला जितक्या नव्या गाड्या बनतात तेवढ्यापुरती असते. दहा-पंधरा वर्षांत विकल्या गेलेल्या सगळ्या गाड्यांसाठी एकदम भाग बनवण्याची तयारी कोणाचीच नसते.

त्यातही एकच पुरवठादार अनेक कंपन्यांना भाग पुरवत असेल तर सगळ्या कंपन्यांचे मालक एकाच रांगेत येतात. ताकाताच्या प्रकरणात एकट्या अमेरिकेत १९ वाहन कंपन्यांच्या गाड्यांतील सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर बदलायचे होते. खुद्द ताकाताने जून २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि बदली भागांचा मोठा भार दुसऱ्या उत्पादकांनी उचलला. तेथे उष्ण व दमट प्रदेशांतील जुन्या गाड्यांना आधी आणि इतरांना नंतर, असे गट पाडून भाग वाटले गेले. अशी प्रतवारी मला न्याय्य वाटते, कारण येथे आधी पत्र कोणाला आले यापेक्षा आधी जीव कोणाचा धोक्यात आहे हे मोलाचे आहे. मात्र याच प्रकरणात तातडी म्हणून काही मालकांच्या गाड्यांत त्याच प्रकारचे, फक्त नवे इन्फ्लेटर बसवले गेले आणि त्यांना काही वर्षांनी दुसऱ्यांदा रिकॉलला सामोरे जावे लागले. आपल्या गाडीत बसणारा भाग कायमचा आहे की तात्पुरता, हे म्हणूनच विचारून घ्यावे आणि जॉब कार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्यावे.

नव्या गाड्यांच्या विक्रीबाबतची आपली शंका मात्र अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. उपलब्ध भाग नव्या गाड्यांना द्यायचे की रस्त्यावरच्या सदोष गाड्यांना, हा निर्णय सर्वस्वी कंपनीचा असतो. जनरल मोटर्सने २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्ट या विजेवरील गाड्या बॅटऱ्या बदलण्यासाठी परत बोलावल्या, तेव्हा त्या गाडीचे नवे उत्पादन ऑगस्टमध्ये थांबवले आणि नव्या बॅटऱ्या आधी जुन्या मालकांकडे वळवल्या. नियमित उत्पादन एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. हे करता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते. सुरक्षेच्या दोषाबाबत असे करणे कंपनीच्या मर्जीवर न ठेवता नियमानेच बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : ‘आपले नाव यादीत आहे’ असे डीलर तोंडी सांगतो, पण लेखी काहीच देत नाही. आम्ही काय करू शकतो?

उत्तर : या पत्रसंचातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण बहुतेक वाचकांनी फोन पुष्कळ केले आहेत आणि कागद एकही जमवलेला नाही.

गाडी चालवण्यास मनाई नसेल तर ती प्रत्यक्ष घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे आणि रिकॉलच्या दुरुस्तीसाठी जॉब कार्ड उघडायला सांगावे. त्यावर चेसिस क्रमांक, किलोमीटरची नोंद, तारीख, रिकॉलचा क्रमांक आणि ‘भाग उपलब्ध नसल्यामुळे काम झाले नाही’ हा शेरा असायला हवा. काउंटरवरचा कर्मचारी ‘कामच नाही झाले तर जॉब कार्ड कशाला’ असे म्हणेल. तरी नेटाने पण सौजन्याने आग्रह धरावा, आणि नकारच मिळाला तर त्याच दिवशी त्याला व कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल पाठवून झालेला संवाद नोंदवून ठेवावा. एवढा खटाटोप कशासाठी, तर अमेरिकी कायद्यानुसार मालकाने गाडी दुरुस्तीसाठी हजर केल्यापासून ६० दिवसांत ती नीट दुरुस्त झाली नाही, तर वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही असे प्रथमदर्शनी मानले जाते, आणि मग गाडी बदलून देणे किंवा घसारा वजा करून किंमत परत करणे हा विषय निघू शकतो. मुदत फोनपासून मोजली जात नाही, गाडी हजर केल्यापासून मोजली जाते. जेथे अशी ठरावीक मुदत नाही तेथेही ग्राहक न्यायालयापुढे हाच कागद आपल्या बाजूने बोलतो.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. भारतात मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. त्यानुसार केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते आणि अशा वेळी निर्मात्याने पूर्ण किंमत परत करणे, गाडी बदलून देणे किंवा ती दुरुस्त करणे अपेक्षित आहे. ऑस्ट्रेलियाने ताकाता एअरबॅगसाठी २०१८ मध्ये सक्तीचा रिकॉल काढून कंपन्यांना २०२० अखेरची मुदत घालून दिली होती. आपण जेथे राहता तेथील वाहन सुरक्षा यंत्रणेकडे तक्रार अवश्य नोंदवा. एका तक्रारीने आपला भाग उद्या येणार नाही, पण यंत्रणेला विलंबाचे प्रमाण कळते ते अशा तक्रारींवरूनच.

आणखी एक व्यवहारी सूचना : सुटे भाग सगळ्या डीलरांना एकाच वेळी व सारख्या संख्येने मिळतात असे नाही. आपल्या डीलरकडे नसलेला भाग दुसऱ्या अधिकृत केंद्रात मिळू शकतो, आणि गाडी एका ठिकाणी घेतली म्हणून रिकॉलची दुरुस्तीही तेथेच करून घेण्याचे बंधन सहसा नसते.

प्रश्न : माझ्या विजेवरच्या गाडीला ‘बॅटरी ९० टक्क्यांपुढे चार्ज करू नका’ अशी सूचना आली आहे आणि सॉफ्टवेअर बदलून दिले आहे. यालाच दुरुस्ती समजायचे का?

उत्तर : ही बहुधा मधल्या काळाची तजवीज आहे. वर उल्लेख केलेल्या बोल्टमध्ये बॅटरीच्या काही सेलमधील ऋणाग्राची (ॲनोडची) पट्टी फाटलेली आणि दोन्ही अग्रे वेगळी ठेवणारा विभाजक पडदा दुमडलेला असे दोन दोष एकत्र आले की आग लागण्याचा धोका होता. त्या मालकांनाही ९० टक्क्यांची मर्यादा, बॅटरी फार उतरू न देणे, चार्जिंगनंतर गाडी बाहेर उभी करणे आणि रात्रभर घरात चार्जिंगला न लावणे, अशा सूचना दिल्या होत्या. अशा सूचना तंतोतंत पाळाव्यात. त्या वरवर क्षुल्लक वाटतात, पण कधी कधी तेवढ्यावरच सारे अवलंबून असते : २०१४ मधील जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचच्या रिकॉलमध्ये मालकांना किल्लीच्या कडीतून बाकी सर्व काढून फक्त एकटी किल्ली वापरायला सांगितले होते, कारण जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने स्विच सरकून चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. आपल्या बाबतीत सॉफ्टवेअर हाच अंतिम उपाय आहे की बॅटरी तपासून बदलली जाणार आहे, हे कंपनीकडून लेखी घ्या. कायमची मर्यादा घालून गाडीचा पल्ला कमी होणार असेल, तर त्याच्या भरपाईची मागणी करायला आपण मोकळे आहात.

प्रश्न : मी जुनी गाडी घेतली. रिकॉलचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेले असावे. माझा हक्क गेला का?

उत्तर : नाही. रिकॉल मालकाच्या नावाला नव्हे, तर गाडीच्या चेसिस क्रमांकाला लागू असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये तो क्रमांक देऊन चौकशी करा आणि आपला पत्ता व फोन तेथे नोंदवा. गाडी किती जुनी असेपर्यंत दुरुस्ती विनामूल्य मिळते याला मात्र मर्यादा असू शकते. अमेरिकेत ती १५ वर्षांची आहे. तेथे रिकॉल बाकी असलेली नवी गाडी डीलरला विकता येत नाही, पण जुन्या गाडीवर केंद्रीय कायद्याची तशी बंदी नाही, म्हणून जुनी गाडी घेण्यापूर्वी ही चौकशी आपणच केलेली बरी.

प्रश्न : रिकॉल जाहीर होण्यापूर्वीच मी तोच भाग स्वखर्चाने बदलला. पैसे परत मिळतील का?

उत्तर : पुष्कळदा मिळतात, मात्र बिलावर चेसिस क्रमांक, भागाचे नाव आणि तारीख हवी. तीन-चार ओळींच्या अर्जासोबत बिलाची प्रत कंपनीकडे पाठवा, मूळ बिल आपल्याकडेच ठेवा. त्याबरोबर रिकॉलमधील सुधारित भागही बसवून मिळावा अशी मागणी करा, कारण आपण आधी बसवलेला भाग जुन्याच आराखड्याचा असण्याची शक्यता आहे.