शिफारसपत्र मिळालं, आता सरांचे आभार कसे मानायचे?

परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जाच्या पोर्टलवर सरांच्या पत्रासमोर ‘सबमिटेड’ दिसलं की दोन दिवसांत आभाराचा ईमेल टाक. पत्र देणाऱ्या तिघांना एकच मजकूर सीसी करून पाठवू नकोस. ते आभार कमी आणि परिपत्रक जास्त वाटतं. चार-पाच ओळी पुरेत, पण एक ओळ त्या व्यक्तीपुरतीच हवी: “सर, तुम्ही प्रोजेक्टचा तिसरा चॅप्टर पुन्हा लिहायला लावलात, त्यावरच माझं एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र) उभं राहिलं.” व्हॉट्सअ‍ॅपवरचे जोडलेले हात म्हणजे आभार नव्हेत.

पत्रात काय लिहिलं, हे विचारायचं नाही. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये पत्र पाहण्याचा हक्क तू बहुधा सोडलेला असतोस.

भेटवस्तूत बरेच जण चुकतात. पत्र जाण्याआधी काहीही देऊ नकोस, ते मोबदल्यासारखं दिसतं. नंतरही सोलापुरी चादरीचा जोड नको, सर संकोचतात. पाव किलो शेंगाचटणी आणि हाताने लिहिलेलं कार्ड, बस्स. तेही सगळी पत्रं गेल्यावरच. सर म्हणाले “याची गरज नव्हती”, तर आग्रह धरू नकोस.

खरी चूक पुढे होते: निकाल कळवायचाच राहतो. अमेरिकेतले निकाल साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. नकार आला तरी कळव. पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय. बऱ्याच ठिकाणी फंडिंगच्या, म्हणजे आर्थिक मदतीच्या, ऑफरला उत्तर द्यायची मुदत १५ एप्रिल असते. कुठे जाणार हे ठरलं की आधी सरांना कळव, स्टेटस नंतर टाक.