दिवसा पेंग, रात्री येरझाऱ्या

"बाबांना स्मृतिभ्रंश झालाय का हो?" मधुमेही ज्येष्ठांच्या घरून हा प्रश्न मला नेहमी येतो. या सूनबाईंचे सासरे पंचाहत्तरीचे, बँकेतून निवृत्त. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) गॅस बंद करायचा विसरले, सकाळची गोळी एका दिवशी चुकून दोन वेळा घेतली, दिवसभर पेंगतात. रात्री मात्र टक्क जागे.

मी आजोबांनाच आठवडाभर वही लिहायला सांगितली: झोप, जेवण, चहा, लघवी, साखर. त्यांनी लाल शाईने रकाने आखून आणले! त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण मला जरा हायसं वाटलं. दुपारी दोन ते पाच झोप. रात्रीचं जेवण साडेदहाला, मुलगा आल्यावर. मग लघवीसाठी तीन-चारदा उठणं. टीव्हीवर चमक येते म्हणून खोलीचे पडदे दिवसभर ओढलेले.

मेंदूतलं घड्याळ रोज सकाळच्या उजेडावर जुळतं. उतारवयात डोळ्याचं भिंग पिवळट होतं, उजेड आत कमीच पोचतो. त्यात हे पडदे. शिवाय तेच जेवण रात्री घेतलं तर साखर सकाळपेक्षा जास्त चढते. ती साधारण १८० च्या वर गेली की लघवीवाटे जाते, सोबत पाणी ओढून नेते. झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी साखरही आवरत नाही, डोकंही चालत नाही.

सूनबाईंना झोपेची गोळी हवी होती. या वयात ती घेऊन रात्री उठलं की पडायची भीती, म्हणून मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी औषधांच्या वेळा बदलल्या, प्रोस्टेट (मूत्रमार्गाभोवतीची ग्रंथी) तपासलं आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असल्याने बी-१२ जीवनसत्त्वही; त्या गोळीने ते कमी होऊ शकतं. घाम फुटून जाग आली तर तिथल्या तिथे साखर बघायची, ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी, हेही बजावलं.

जेवण साडेसातला आणायचं म्हटल्यावर आजोबा अडले. "एकट्याने गिळायचं?" खरी गाठ इथे होती, मुलाशी बोलणं व्हायचं ते त्या ताटावरच. शेवटी दोघांचा नाश्ता सकाळी गॅलरीत, उन्हात ठरला. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, गोळ्यांना वारांच्या कप्प्यांची डबी आली.

आता रात्री बहुतेक एकदाच उठतात, पेपर पुन्हा वाचू लागलेत. गॅसचा विसर मात्र अधूनमधून पडतोच, म्हणून स्मरणशक्तीची रीतसर तपासणी पुढच्या महिन्यात ठेवली आहे.